निपाणीची सातवी चूल

निपाणीला भाचीकडं जाऊन आले, तर गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, "काय काय बघितलंत?" आता काय सांगायचं? किल्ला बघितला नाही, धबधबा बघितला नाही. एक पत्र्याची शेड बघितली आणि तिच्यातल्या सात चुली. त्यातल्या सातव्या चुलीवर कोण बसणार, या एका घोरानं मला चार दिवस धड झोप लागली नाही. तेच सांगते. ज्यांनी घरी दूध तापत ठेवलंय, त्यांनी खुशाल उठावं.

सोमवार, निपाणी

कागल मागं पडलं, कोगनोळीचा नाका आला आणि दुकानांच्या पाट्या बघता बघता गोल गोल कानडी अक्षरांच्या झाल्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदावर केलेलं. पाटी दिसली की वाचायची माझी सवय. इथं डोळे नुसते पाटीवरून घसरायला लागले. शेजारी बसलेल्या एका अण्णांना विचारलं, तर ते एकेक पाटी वाचून दाखवायला लागले. "ह्ये खताचं दुकान, ह्ये दवाखाना, आणि ह्ये... ह्ये मलाबी लागंना आज्जी, रंग उडालाय."

सुवर्णा स्टँडवर आलीच होती. सुवर्णा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची लेक. फलटणची पोर, लग्न होऊन निपाणीला गेली त्याला वीस वर्षं झाली. आता तिथलीच झालीय. तिकडच्या बायका सगळ्याच 'मी आलो, मी गेलतो' असं बोलतात, तशी हीपण बोलते. बोरगावच्या रस्त्याला घराच्या मागंच तिनं बायकांचा गट करून कडक भाकरीचा कारखाना काढलाय. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, एका ओळीत सात चुली, आणि बाहेर वाळत घातलेली फडकी.

रात्री जेवायला अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट ताक आणि ती कडक भाकरी. आमच्याकडची भाकरी मऊ, तव्यावरून ताटात. ही पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. मी तीस वर्षं स्टँडजवळ खानावळ चालवली, भाकरीतलं मला कुणी शिकवावं असं काही राहिलं नाही असं वाटायचं. पहिला घास कुडकुडला आणि म्हटलं, राहिलंय बाई.

मंगळवार, सकाळ

सकाळी सुवर्णा अंघोळीला गेली होती आणि मी ओट्यावर चहा घेत बसले होते. दारात एक उंच बाई येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, हातात पाटी. चेहरा जरा राठ, मनगटं रुंद. मी ओळखलं. ही यल्लम्माची जोगती. पुरुषाच्या देहात जन्माला येतात, वयात येताना देवीचं बोलावणं आलं म्हणतात, मग माळ घालून लुगडं नेसतात. तिकडं जोगाप्पाही म्हणतात. वार मंगळवार. माझ्या आईनं अशा दिवशी जोगतिणीला कधी रिकामं जाऊ दिलं नाही.

मी चहा खाली ठेवला, आत धावले, सुपातली ज्वारी दोन्ही ओंजळी भरून आणली आणि तिच्या पाटीत ओतली. वर वाकून पायाला हात लावला. "उदो गं आई, उदो," म्हटलं.

ती पाटीतल्या ज्वारीकडं बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "आज्जी, मी पीठ न्यायला आलोय. कामावर."

मागून सुवर्णा ओल्या केसांनी बाहेर आली. "अगं आत्ती, ही मंगल! आपल्या शेडातली!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीज कडाडून पडावी तसं नाही, तर लग्नात व्याह्याला आचारी समजून 'मीठ कमी आहे' सांगावं तसं. मंगलनं मात्र ती ज्वारी एका कागदात नीट गोळा केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जोगवा मी मागतो, न्हाय असं न्हाय. मंगळवार-शुक्रवार पाच घरं. देवीला शब्द दिलाय. पण ती पहाटं झाली. आता आठ वाजल्यात."

पीठ घेऊन ती गेली. मी सुवर्णाला विचारलं, "हिला ती म्हणायचं की तो?"

"ती स्वतःला ती म्हणती. मग तीच की."

सोपं होतं तसं.

मंगळवार, शेड

चहा गार झालेला तसाच पिऊन मी शेडात गेले. सहा चुलींवर सहा बायका. पहिल्या चुलीवर पद्माक्का, साठीची, जैन, सगळ्यांची गुरू. तिच्या हाताखाली भाकरी अशी फिरते की थापते आहे का वारा घालते आहे कळत नाही. तिसऱ्या चुलीवर हुस्ना, तोंडाची मशीन. बाकीच्या आसपासच्या गावच्या. कुणी मराठा, कुणी लिंगायत, एक दलित वस्तीतली. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, मध्येच हिंदी. एकमेकींना शिव्या तिन्ही भाषांत.

आणि सांभाळून घेणं बघा. पद्माक्का सूर्य मावळल्यावर अन्न तोंडात घालत नाही, म्हणून शेडाचं संध्याकाळचं जेवण साडेपाचला. तिला कांदा-लसूण चालत नाही, म्हणून एक भाजी कायम बिनकांद्याची. रमजानात हुस्नाला दुपारी चुलीचा ताप सोसत नाही, म्हणून तेव्हा तिची पाळी पहाटेची. लिंगायत बाई पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाही, तर ती अर्धा तास उशिरा येते आणि अर्धा तास उशिरा जाते. कुठं काही लिहून लावलेलं नाही. मी म्हटलं, "सुवर्णे, हे कसं जमवलंस?" ती म्हणाली, "जमवलं कुठं? भांडून भांडून झालं."

सातवी चूल शेवटची. तिथली बाई लेकीकडं पुण्याला गेली, तेव्हापासून रिकामी होती. चुलीवर बसेल ती गटाची सभासद. बाकी चाळणं, पुडे भरणं करतात त्या मदतनीस. मंगल सहा महिने पुडे भरत होती. महिन्यापूर्वी तिनं चूल मागितली. सहाजणींनी ठरवलं, महिनाभर बसून बघू दे, शेवटच्या शनिवारी काय ते सांगू. तो शनिवार चार दिवसांवर आला होता.

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे बाकी सगळ्या पोत्यावर बसलेल्या, मंगलला मात्र रंगवलेला पाट, त्यावर धुतलेलं फडकं. दुसरी म्हणजे तिची भाकरी भेगाळत होती. चारातली एकच धड निघायची.

कडक भाकरीचं असं असतं, की उकळत्या पाण्यात पीठ मळायचं, पातळ थापायची, तव्यावर टाकली की वरून ओल्या फडक्यानं पाणी फिरवायचं आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. मंगल उलटायला उशीर करत होती. मला परक्या बाईला अर्ध्या तासात दिसलं. पद्माक्काला दिसलं नसेल? ती तर बसल्या जागेवरून वासावरून सांगते कुणाची भाकरी लागली. मघाशीच तिनं हुस्नाला, "डोळे काय गावाला गेल्यात काय गं भवाने?" म्हणून झापलेलं मी ऐकलं होतं. मंगलच्या चुलीपुढून ती गेली, तुटलेली भाकरी बघितली आणि म्हणाली, "असू द्या आई. होतंय सावकाश."

अख्ख्या शेडात एकमेकींना अगं-तुगं, आणि मंगलला तेवढं 'आई', 'तुमी'.

दुपारी मी पद्माक्काला गाठलं. "तिला सांगत का नाही हो काय चुकतंय?"

पद्माक्कानं इकडंतिकडं बघितलं. "कसं सांगू? देवीचं माणूस ते. मी नवी नवरी असताना एक जोगती दारात आलती. मी सासूच्या रागात होतो, दार लावून घेतलं. आठ दिवसात माझं पोरगं तापानं गेलं. लोक म्हणत्यात तसं काय नसतंय. नसंल. पर मी परत तसं करायची न्हाय."

मी तिचा हात धरून बसले.

गुरुवार, बेळगाव

बेळगावात शहापूरला एका मेसमध्ये भाकरीचे दोन खोके द्यायचे होते. मंगल निघाली, मी पण लोंबकळले. टेंपो काकतीपर्यंत गेला आणि टायर बसलं. ड्रायव्हर म्हणाला, "तासभर लागंल." शेवटी आम्ही खोके घेऊन बस पकडली.

तिकडं बाईमाणसाला बस फुकट आहे हे मला ठाऊक होतं. मी ऐटीत आधार कार्ड पुढं केलं. कंडक्टरीणबाईंनी ते उलटंसुलटं केलं. "आज्जी, हे महाराष्ट्राचं. तुमाला तिकीट घ्यावं लागतंय."

"अहो पण मी बाईच आहे."

"व्हय की. पर आमची न्हवं."

मंगलनं तिचं कार्ड दाखवलं, तिला फुकटचं तिकीट मिळालं. सगळी बस हसली, मीही हसले. मी पैसे देताना मंगल म्हणाली, "बघा आज्जी, आज तुमी भायेरच्या, मी आतली."

बस भरलेली होती. पण मंगलला बघून एक बाई झटकन उठली, हात जोडले आणि पुढं जाऊन उभी राहिली. तिच्या शेजारची दोघंही उठली. बाकडं रिकामं. आम्ही दोघी बसलो. समोर चार माणसं दांड्याला लोंबत होती, आमच्या बाकड्यावर तिसऱ्याची जागा तशीच. कुणी बसेना.

मंगल खिडकीकडं बघत म्हणाली, "पाया पडत्यात, पर मांडीला मांडी लावून बसत न्हाईत. तीस वर्सं हेच चाललंय."

मंगळवारी मीही तेच केलं होतं.

मग ती आपलं आपण बोलत गेली. आईबापानं ठेवलेलं नाव तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पंधराव्या वर्षी माळ घातली. जत्रा, जागर, लग्नं, बारशी, सगळीकडं मान. एकदा निपाणीच्या एका दुकानात काम मागायला गेली, तर मालकानं नारळ दिला, साडी दिली, गाडीत बसवून घरी पोचवलं. काम काही दिलं नाही.

"तुमाला खोटं वाटंल," ती म्हणाली, "पर मला ह्या शेडात पयल्यांदा कुणीतरी म्हटलं, उद्या आठला ये. जोगतिणीला कोण येळ सांगत न्हाय."

"आणि शनिवारी नाही म्हणाल्या तर?"

"तर परत पुडे भरायचे. आणि मनात समजायचं, की मी पाटावरचीच."

मेसमध्ये खोके दिले. येताना तिनं मला कुंदा घेऊन दिला. दुकानदार तिच्याकडून पैसे घेईना, "आईकडून कसं घ्यायचं?" म्हणाला. त्यानं घेतल्याशिवाय ती हलेना. दहा मिनिटं भांडण. शेवटी मी तिची नोट त्याच्या गल्ल्यावर ठेवून दोघांना सोडवलं. कुंदा गोड होता, पण आमच्याकडच्या कंदी पेढ्याची सर नाही हो. बेळगावकरांनी रागवू नये.

शुक्रवार

सुवर्णाला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त काळजी, पण तिचं मत एकच आणि चुलीवरच्या बायकांची सहा. तिनं आपल्या परीनं तोड काढली. दुपारी जेवणानंतर मंगलला म्हणाली, "मंगलाक्का, राग मानू नगा. चुलीवर बसताना माळ तेवढी काढून ठेवा, भंडारा पुसा. म्हणजे ह्यांची भीती जाईल. इथं सगळ्याजणी सारख्या, असं होईल."

चांगल्या मनानं म्हणाली ती. मलाही क्षणभर पटलं.

मंगल उष्टं ताट घेऊन उभी होती. ते तिनं खाली ठेवलं.

"पद्माक्का दिवस बुडायच्या आत जेवत्यात, तवा तुमी जेवणाची येळ बदलली. हुस्नाचा रोजा असतोय, तवा पाळी बदलली. ह्या बाईची पूजा असती, तिला उशिरा येऊ दिलं. कुणाला म्हटलं न्हाय, की तुझं तेवढं घरी ठेवून ये. माझ्याच येळंला माळ काढायची व्हय?"



हुस्ना म्हणाली, "बात तो सही है." मग पद्माक्काकडं बघून गप्प झाली. पद्माक्का फडकं पिळत होती. ते फडकं कोरडं झालं तरी पिळतच होती.

सुवर्णाचे कान लाल झाले. "चुकलं माझं," म्हणाली. ती पोर चुकलं म्हणायला लाजत नाही, हे मला तिचं आवडतं.

शनिवार

सकाळी सातला सगळ्या जमल्या. मी दाराजवळ पोत्यावर बसले, तोंडाला कुलूप लावून. तीस वर्षांची खानावळवाली गप्प बसणं म्हणजे काय, हे माझ्या सुनेला विचारा.

मंगल आली. कपाळावर भंडारा, गळ्यात माळ. पाट तिनं उचलला आणि भिंतीला उभा लावला. शेजारचं पोतं ओढून त्यावर बसली.

पाणी उकळलं, पीठ मळलं. पहिली भाकरी थापली, छान गोल. तव्यावर पडली, पाणी फिरलं, आणि मंगल थांबली. हात उलथण्यावर, नजर बायकांवर. उलटली तेव्हा कडेनं मोडली. दुसरी टाकली. तीही भेगाळली. तिसरी उलटली आणि मधोमध दोन तुकडे.

पद्माक्का तिच्या पाठीमागं उभी होती. मी तिचं तोंड बघत होते. पहिल्या भाकरीला तिनं डोळे मिटले, दुसरीला ओठ चावला. चौथी तव्यावर पडली, पाणी फिरलं, आणि पाणी सुकत चाललं, सुकत चाललं...

"अगं ए मंगल! उलट की गं! पीठ मरायलंय तिथं, आणि तू आमची तोंडं काय बघायलीस? भाकरी बघ, भाकरी!"

एवढं म्हणून तिनं मंगलचं मनगट धरलं, वर हलकी चापट मारली आणि तिच्याच हातानं भाकरी उलटली. भाकरी अख्खी.

मग तिच्या लक्षात आलं आपण काय केलं. तोंडावर पदर गेला. वर पत्र्याकडं बघायला लागली. जणू आता काहीतरी खाली येणार.

हुस्नानंही वर बघितलं. "छप्पर हाय तिथंच हाय, आक्का," ती म्हणाली. "आता पुढची टाका, तवा जळायलाय."

मंगल मनगट धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तसं पद्माक्का आणखीच घाबरली. "लागलं काय?"

"न्हाय," मंगल म्हणाली. "पाणी किती ऱ्हायल्यावर उलटायची?"

"कडेला ओल दिसती का बघ. ती असतानाच. सुकायची वाट बघू नगंस." पद्माक्का तिच्या शेजारी पोत्यावर बसली. मांडीला मांडी लागली.

तासभर दोघी थापत होत्या. दहातल्या सहा धड निघायला लागल्या. शेवटी सुवर्णानं विचारलं, "मग? काय ठरवायचं?"

मला खात्री होती. मी पेढे म्हणून कुंद्याचा डबा उघडूनही ठेवला होता.

पद्माक्का पीठ झटकत उठली. "न्हाय. भाकरी अजून कच्ची हाय. आणखी पंधरा दिवस बसू दे. मी शिकिवतो. मग बघू."

बाकीच्या पाचजणींनी माना हलवल्या. मला इतका राग आला! एवढं सगळं झाल्यावरही नाही? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंगल माझ्याकडं बघून म्हणाली, "बराबर हाय आज्जी. कच्चीच हाय की." आणि पुढची भाकरी थापायला लागली. तिचा आवाज इतका हलका मी चार दिवसांत ऐकला नव्हता.

कुंदा मग सगळ्यांनी असाच खाल्ला. कशाबद्दल, ते कुणी विचारलं नाही.

रविवारी मी निघाले. वाटेत राग निवळत गेला. कागलला पाट्या परत वाचता यायला लागल्या, तरी माझं लक्ष पाट्यांत नव्हतं. पद्माक्कानं हो म्हटलं असतं, तर ते कुणाला म्हटलं असतं, भाकरीला का भंडाऱ्याला? घरी आल्यावर मी आमच्या दारी येणाऱ्या दोघीतिघी जोगतिणींचा विचार केला. ज्यांना मी ओंजळीनं देते, पण ज्यांना या ओट्यावर बसून चहा घ्या असं कधी म्हटलेलं नाही. नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. आता विचारायची आहेत.

तीन आठवड्यांनी सुवर्णाचा फोन आला. "आत्ती, मंगलला सभासद केलं. सगळ्याजणींनी हात वर केलं. आता तिची भाकरी पद्माक्काच्या भाकरीत मिसळली तर ओळखू येत न्हाय."

"देवी पावली," मी म्हटलं.

"पर एक भानगड झालीया. जाड बुडाचा एकच तवा हाय आपल्याकडं. तो मंगलनं परवा न विचारता उचलला. हुस्नानं तिला काय काय ऐकवलं, तिनं उलट ऐकवलं, आणि दोघी तीन दिवस बोलत न्हाईत. हुस्नाला मीठ पायजे असलं, तर पद्माक्काला सांगती, 'तिला म्हणावं मीठ सरकव.' मंगल म्हणती, 'तिला म्हणावं हात हाय न्हवं?' माझं डोकं उठलंय. मी दोघींना बसवून मिटवू काय आज?"

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले.

"खबरदार मिटवलंस तर," म्हटलं. "चांगलं भांडू दे त्यांना."